कै. ईरम्मा हत्तुरे, गोलरक्षक

टेबलावर निवेदितानं कागद दोन बाजूंना मांडले होते. डावीकडे ईरम्मा, उजवीकडे यशोदा. मध्ये वीतभर जागा रिकामी होती, कारण तिथं ठेवायला घरात एकही कागद नव्हता.

डाव्या बाजूला शाळा सोडल्याचा दाखला होता : ईरम्मा नागप्पा हत्तुरे, जन्म मंद्रूप, १९६१. त्याखाली लग्नपत्रिका, चि. सौ. कां. ईरम्मा. आणि गेल्या आठवड्यात छापून आणलेला फोटो : १९८२चा राज्याचा महिला फुटबॉल संघ, मागच्या रांगेत डावीकडून चौथी, पोटाशी चेंडू धरलेली मुलगी. उजव्या बाजूला आधार, रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र. सगळीकडे यशोदा कमलाकर कोनापुरे. दोन्ही बाजू खऱ्या होत्या आणि दोन्हींची बाई आत शेंगापोळ्या लाटत होती.

निवेदिता वीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करत होती. नळीवर एक नाव आणि फॉर्मवर दुसरं असेल तर नमुना परत पाठवायचा, हा तिथला पहिला नियम. रक्त कोणाचं हे रक्त सांगत नाही, चिठ्ठी सांगते. हा नियम तिनं किती नवीन मुलींना शिकवला होता. आज त्याच नियमात तिची आई अडकली होती.

गुरुवार, दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं. चार वाजता गौरव समितीचे सचिव पुण्याहून येणार होते. सहाच्या आत त्यांना पाटी कोरणाऱ्याकडे नावं पक्की कळवायची होती. रविवारी पुण्यात राज्याच्या पहिल्या महिला फुटबॉलपटूंचं गौरव दालन उघडणार होतं. पाटीवर बारा नावं. बाराव्या नावाआधी ‘कै.’ छापलेलं होतं. एक अक्षर आणि एक टिंब, तेवढं काढायचं होतं.

“निवे, ती अर्धी चड्डी फोटोत आहे तशीच लावणार का गं भिंतीवर?” मथुराआत्यानं विचारलं. ती सकाळच्या एसटीनं बार्शीहून आली होती आणि सोफ्यावर मांडी घालून बसली होती. कमलाकरची ही थोरली बहीण. घरातलं एकही लग्न, बारसं की भांडण तिच्याशिवाय पार पडलेलं नव्हतं.

“लावणार आत्या. मोठी करून.”

“आणि खाली आपलं आडनाव?”

“नाही. खाली हत्तुरे.”

“मग लावू देत,” आत्या म्हणाली.

खिडकीजवळ बसलेले कमलाकर वर्तमानपत्रामागून म्हणाले, “अक्का, तुला सांगायचं राहिलं. प्रश्न चड्डीचा नाहीये.”

“मग अडलंय कुठं?”

बाबा पुन्हा वर्तमानपत्रात शिरले, म्हणून निवेदितानंच सांगितलं. “समितीकडं लेखी आहे की ईरम्मा हत्तुरे दोन हजार चौदाला वारल्या.”

“कुणी दिलं लेखी?”

“सोमलिंगमामांनी.”

आत्यानं मांडी मोडली आणि दोन्ही पाय जमिनीवर टेकवले. “सख्ख्या भावानं?”

“सही आहे त्यांची. वारस म्हणून. सन्मानपत्रही तेच घेणार होते.”

“म्हणजे माझा भाऊ अकरा वर्षं विधुर फिरतोय आणि मला पत्ता नाही?” तिनं कमलाकरकडं बघितलं. “आणि तू पेपर वाचतोयस!”

“मलाही आठवड्यापूर्वीच कळलं. हे मरणाचं तर सोडच, अक्का, ती खेळायची हेसुद्धा.” कमलाकरांनी वर्तमानपत्राची घडी घातली. “बेचाळीस वर्षं संसार झाला. निवेदितानं फोनवर फोटो दाखवला, ही म्हणाली, ‘ही मी,’ आणि कुकर लावायला गेली.”

“तुला आधी सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?”

“कौतुक केलं असतं.”

“लग्नाला नाही म्हणाला असतास,” आत्या म्हणाली. “मी तर म्हणालेच असते. पोरगी शांत आहे, घराबाहेर पडत नाही, असं सांगून दिली होती आम्हाला. तिच्याकडचं ईरम्मा नाव मला गावंढळ वाटलं म्हणून मीच यशोदा सुचवलं.”

निवेदितानं भिंतीवरचं घड्याळ बघितलं. मामा दोनला पोहोचतो म्हणाले होते. ते आले नाहीत तर? ज्यानं आई मेली असं लिहून दिलं, त्यानंच ती जिवंत आहे असं लिहून दिल्याशिवाय समिती ऐकणार नव्हती. आईचे आईवडील, सोलापुरात ती ज्यांच्याकडं राहून शिकली ते तिच्या मामाच्या घरचे, शाळेच्या खेळाच्या बाई, कोणीच आता उरलं नव्हतं. संघातल्या बाकीच्यांनी तिला चाळीस वर्षांत पाहिलं नव्हतं. तिनं मामांना फोन लावला. बाहेर फाटकापाशीच रिंग वाजली, आणि त्याच क्षणी शेजारून कोणीतरी ओरडलं, “पाणी आलं!”

आज पाचवा दिवस होता. जुळे सोलापुरात पाणी आलं की पाहुणा, सण, दुःख, सगळं दोन-तीन तास बाजूला ठेवावं लागतं. कमलाकर मोटार लावायला उठले ते सुटका झाल्यासारखे. यशोदा पदर खोचून स्वयंपाकघरातून थेट अंगणात गेली. हाताला पीठ तसंच होतं.

*

सोमलिंग पिशवी हातात धरून फाटकातच उभा राहिला. पिशवीत कडक भाकरी होत्या. बहिणीकडं रिकाम्या हातानं जायचं नाही, ही आईची शिकवण. घरून निघताना सुनेनं विचारलं होतं, “मामंजी, आज मधूनच सोलापूरला?” तो म्हणाला होता, दाढ दुखते.

मंद्रूपात कोणालाच माहीत नव्हतं. तिथं तो शाळेच्या समितीवर होता, मठाच्या पंचांत होता. जिवंत बहिणीला कागदावर लिंगैक्य करणारा माणूस, हे एकदा वेशीतून आत शिरलं की त्याला पंगतीत कोण शेजारी बसवून घेणार होतं?

पण त्याची खरी भीती ती नव्हती. खरी भीती पुण्याच्या माणसाच्या फायलीत होती, किंवा नव्हती. ते त्याला ठाऊक नव्हतं, आणि आठ दिवस तो एवढंच मोजत होता : असेल की नसेल.

“उन्हातनं आलास. आत बस,” यशोदा म्हणाली. तिनं त्याच्याकडं बघितलं नाही.

“ईरू, ऐक की...”

“पाइप धर. टाकीत सोड.”

त्यानं पिशवी पायरीवर ठेवली आणि पाइप धरला. पाण्याला आज जोर नव्हता. ती पिंपाचं झाकण काढून आतला तळ घासत होती. एवढी वर्षं शहरात राहून सगळ्यांशी शहरी बोलणारी बहीण त्याच्याशी मात्र अजून गावचंच बोलायची. आज त्याला ते नकोसं झालं.

“का म्हणलास तसं?” तिनं पिंपात वाकूनच विचारलं. आवाज घुमून आला.

“फोन आला तवा मी शेतात हुतो. माणूस म्हणला, ईरम्मा हत्तुरे कुटं असत्यात? मला सुधरंना. तोंडातनं निघून गेलं, वारली.”

“तोंडातनं गेलं. मग सही कुटनं गेली?”

“एकदा म्हणलं, मग त्यांनी फारम धाडलं. आता उलटं कसं बोलू? म्हणलं, लांब पुण्याला एक फोटू लागंल, कोन बघतंय.”

“भ्यालास?”

“व्हय.”

“कुणाला?”

“दाजींच्या घरला. लग्नात आपण सांगितलं न्हवतं की. म्हातारपणी तुला कुणी बोललं असतं, तर?”

ती सरळ झाली. चौसष्ट वर्षांची, उंच, हाताची बोटं लांब, उजव्या करंगळीचं टोक जरा बाहेर वळलेलं. वयाचं बाविसावं संपण्याआधी त्या बोटांनी जे अडवलं होतं ते सोमलिंगनं एकदाच बघितलं होतं, पार्क मैदानावर, लोकांच्या मागं लपून.

“एवढंच?” तिनं विचारलं.

इथं सांगता आलं असतं. पाणी पडत होतं, मोटारीचा आवाज होता, ऐकायला तिसरं कोणी नव्हतं. ‘न्हाय ईरू, अजून एक हाय,’ एवढंच म्हणायचं होतं.

“एवढंच,” सोमलिंग म्हणाला.

“बरं,” ती म्हणाली. तिनं त्याच्या हातातून पाइप घेऊन पिंपात सोडला. “आज खरं लिहून दे. मग मी कुणाला काय बोलायची न्हाय. तुझ्या घरला पण न्हाय.”

तिनं इतक्या सहज माफ केलं की त्याला ती पायरीसुद्धा चढवेना.

आत मथुराबाई वाटच बघत होत्या. “या सोमलिंगराव, बसा. आमच्या वहिनींचं तेरावं घातलं होतंत की नाही? जेवायला बोलावलं नाहीत.”

“चुकलं, अक्का.”

“आणि कै. काय छापलंय? आपल्यात लिंगैक्य म्हणतात. मारायचं तर निदान रीतीनं मारायचं.”

“अक्का, पुरे,” कमलाकर म्हणाले.

“का पुरे? मी तिचं नाव बदललं, माणूस तसंच ठेवलं. यानं माणूसच काढून टाकलं!”

निवेदितानं पाण्याचा तांब्या मामाच्या हातात दिला. “आत्या, त्यांना लिहू दे आधी. मग हवं ते बोल.” तिचा आवाज शांत होता, पण तांब्या देताना तिनं तो क्षणभर सोडलाच नाही. “मामा, तुम्ही सही करणार ना? ऐनवेळी मागं नाही ना फिरणार?”

“करतो की बाळ. त्यासाटीच आलोय.”

पावणेपाचला गाडी थांबल्याचा आवाज आला. सचिवांना यायला पाऊण तास उशीर झाला होता. मोडनिंबपाशी वाहतूक तुंबली होती म्हणे. सोमलिंगनं आधी माणसाकडं बघितलंच नाही. त्यानं त्याच्या काखेतली फाइल बघितली. ती चांगली चार बोटं जाड होती.

*

अजिंक्य नावाचा तो सचिव पस्तिशीतला होता. यशोदाला वाटलं होतं कोणी म्हातारा येईल. तो आल्या आल्या वाकून तिच्या पाया पडला, तेव्हा ती ओल्या हातांनी तशीच उभी राहिली.

“मॅडम, तुमच्याबद्दल मी दोन वर्षं वाचतोय,” तो म्हणाला. “आणि आज समोर... सॉरी, काय बोलावं कळत नाही. आम्ही तुमच्यासाठी दोन मिनिटं स्तब्धता पण ठेवली होती.”

“कधी?” मथुराबाईंनी विचारलं.

“जानेवारीत. बैठकीत.”

“ती परत घ्या.”

सगळे हसले. सोमलिंगही हसला, जरा उशिरा. यशोदानं चहा आणि शेंगापोळी समोर ठेवली. तिचं लक्ष मात्र भिंतीवरच्या घड्याळाकडं होतं. पाच वाजायला पाच मिनिटं.

अजिंक्यनं टेबलावरचे कागद एकेक करून बघितले. मधल्या मोकळ्या जागेवर बोट ठेवून म्हणाला, “नाव बदलल्याचं काही? राजपत्रातली नोंद, प्रतिज्ञापत्र?”

“तांदळात लिहिलं होतं,” कमलाकर म्हणाले. “लग्नात. ताटात तांदूळ पसरून अंगठीनं. मीच लिहिलं.”

“त्याचा फोटो?”

“फोटोग्राफर जेवायला बसला होता.”

“आणि त्या तांदळाचा आम्ही भात केला,” मथुराबाई म्हणाल्या. “टाकून थोडीच देणार?”

“लग्नातला दुसरा एखादा फोटो?”

“बाशिंगात नाकसुद्धा दिसत नाही,” निवेदिता म्हणाली. “मी भिंगानं बघितलं.”

अजिंक्यनं मान हलवली. “मग सगळं भावाच्या निवेदनावरच. हरकत नाही. मी मजकूर टाइप करून आणलाय.” त्यानं एक कागद सोमलिंगपुढं सरकवला. “वाचून दाखवतो. ‘माझी बहीण ईरम्मा नागप्पा हत्तुरे, विवाहानंतरचे नाव यशोदा कमलाकर कोनापुरे, या हयात आहेत. यापूर्वी त्यांच्या निधनाबाबत दिलेली माहिती गैरसमजातून दिली गेली होती.’ खाली सही. फोटो काढून पाठवतो, साडेपाचपर्यंत काम होईल.”

“गैरसमजातून,” मथुराबाई पुटपुटल्या.

“आत्या,” निवेदिता म्हणाली.

सोमलिंगनं खिशातून पेन काढलं. त्याचा चेहरा किती मोकळा झाला ते यशोदाला दिसलं. बरं वाटलं तिला. होतं एखाद्याचं, ती मनात म्हणाली. भित्रा तो पहिल्यापासून. सही होऊन जाऊ दे, मग त्याला भाजीबरोबर गरम पोळी वाढू.

“सही होईपर्यंत हे बघा मॅडम,” अजिंक्य म्हणाला आणि फाइलमधून एक पातळ पाकीट काढलं. “तुमच्यासाठी प्रती काढून आणल्यात. त्या वेळच्या संघ व्यवस्थापक बाईंनी सगळे कागद पेटीत जपून ठेवले होते. त्यांच्या मुलीनं आम्हाला दिले. तुमचं वाईट वाटतं खरं. तेव्हा आजारी पडला नसतात तर...”

“कधी?” यशोदानं विचारलं.

“त्र्याऐंशीला. भारताच्या निवड शिबिराच्या वेळी. टायफॉइड ना?”

सोमलिंगचं पेन कागदावर टेकलेलं होतं. ते तिथंच राहिलं.

तिनं पाकीट उघडलं. पहिला कागद टंकलिखित, इंग्रजी. तिचं नाव, मंद्रूपचा पत्ता, कलकत्ता, १४ मार्च १९८३. दुसरा वहीच्या रेघी पानाचा. त्यावर निळी शाई, उजवीकडं झुकलेली अक्षरं, ‘र’ला नको इतकी लांब शेपटी. वडिलांना, आप्पांना, कानडीच लिहिता यायचं, म्हणून घरातली सगळी मराठी पत्रं याच अक्षरात जायची. तिला सासरी आलेली दिवाळीची बोलावणीही याच अक्षरातली. *ईरम्मा हिला विषमज्वर झाला असून ती शिबिरास येऊ शकत नाही. तरी तिच्या जागी दुसरी खेळाडू घ्यावी.*

तिनं ते दोनदा वाचलं. मग टेबलावर, मधल्या रिकाम्या जागेत ठेवलं.

“आईला टायफॉइड कधी झाला?” निवेदितानं विचारलं.

१९८३च्या जानेवारीतल्या शेवटच्या सामन्यात यशोदानं एक गोल खाल्ला होता. जवळच्या खांबाकडून, जमिनीलगत. ती अर्धं पाऊल उजवीकडं उभी होती. शिबिराचं बोलावणं आलं नाही, तेव्हा तिला कारण माहीत होतं : ते अर्धं पाऊल. बेचाळीस वर्षं ती तो गोल पुन्हा पुन्हा अडवत आली होती. भाकरी थापताना, बाळंतपणात, सासूचं आजारपण काढताना. कधी डावीकडं सरकून, कधी आधीच झेप घेऊन. आणि त्या गोलाचा कशाशी काही संबंधच नव्हता. गोल खाल्ल्यावरही त्यांनी तिला बोलावलं होतं.

“अण्णा,” ती म्हणाली. “हे अक्षर तुझं हाय.”

“ईरू...”

“आप्पांनी लिहायला सांगितलं?”

सोमलिंगला व्हय म्हणता आलं असतं. आप्पा जाऊन तीस वर्षं झाली होती. त्यांच्यावर आणखी एक ओझं टाकलं असतं तर ते काही बोलले नसते. सगळी खोली त्याच्या व्हयची वाट बघत होती. कमलाकरांनी तर मान अर्धी हलवलीसुद्धा होती.

“न्हाय,” तो म्हणाला. “आप्पा म्हणले, पोरगी सोलापुरात हाय, जाऊन तिलाच इचार. मी आपल्या मामाच्या घरापतोर आलो. दारातनं माघारी फिरलो.”

“का?”

“तू गेली असतीस तर परत आली नसतीस. मी एकटाच त्या ढेकळांत उरलो असतो.” त्यानं पेन खाली ठेवलं. “पोस्टातच बसून लिहिलं. म्हणून गेल्या साली फोन आला आणि माणूस म्हणला, जुन्या पेटीतले कागद घावलेत, तवा मला हेच पत्र आठवलं. म्हणलं, तू हायस म्हणून सांगितलं तर ते तुझ्याकडं यील. म्हणून...”

“म्हणून मारलं,” मथुराबाई म्हणाल्या, पण हळू.

पाच वाजून वीस मिनिटं झाली होती. निवेदितानं ते मोठ्यानं सांगितलं. “आई, ऐक. हे सगळं नंतर बोलू. रात्रभर बोलू. मामा, आधी त्या टाइप केलेल्या कागदावर सही करा.”

“तिचं बरोबर आहे,” कमलाकर म्हणाले. “झालं ते झालं. नाव लागणं महत्त्वाचं.”

यशोदानं टाइप केलेला कागद उचलला. तिला त्यात एकच शब्द दिसत होता. गैरसमज. तिनं कागद अजिंक्यकडं परत दिला.

“हा नको. तो स्वतःच्या हातानं लिहील. दोन्ही वेळचं.”

अजिंक्य चाचरला. “मॅडम, मी स्पष्ट सांगतो. गैरसमज लिहिलं तर मी आत्ता दुरुस्ती करू शकतो. पण मी मुद्दाम खोटं लिहिलं असं माणूस स्वतःच लिहून देतो, तेव्हा त्याच्या एकट्याच्या शब्दावर मला नाव बदलता येत नाही. समिती बसवावी लागेल. चौकशी होईल. रविवारी पाटीवर तुमची जागा कोरी राहील. कदाचित पुढच्या वर्षी...”

“आई!” निवेदिता उभी राहिली. “अगं पुढच्या वर्षी कोण विचारतंय? चाळीस वर्षांनी एकदा दार उघडलंय. तू स्वतःच लावून घेतेयस.”

“मी मेले होते तेव्हा कुठं घाई होती?”

“हा हट्ट आहे.”

“असेल,” यशोदा म्हणाली आणि तिनं मथुराबाईंकडं बघितलं.

“वन्सं, तुम्ही तरी सांगा हिला.”

मथुराबाईंनी सोमलिंगकडं बघितलं. तो गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता. “निवे, बस खाली,” त्या म्हणाल्या. “भिंतीवरची पाटी वर्षभर थांबेल. हा सत्तरीचा आहे, गेल्या दिवाळीत याला झटका येऊन गेलाय. हा थांबेल की नाही सांगता येत नाही. लिहून घेऊ दे तिला.”

“तू तिच्या बाजूनं?” कमलाकर म्हणाले. “दुपारी तर म्हणत होतीस, आधी कळलं असतं तर लग्नाला नाही म्हणाले असते.”

“दुपारी मला हे पत्र माहीत नव्हतं.”

निवेदिता बसली नाही. ती खिडकीशी गेली आणि पाठ करून उभी राहिली. तिचे खांदे यशोदाला दिसत होते. माझ्यासाठी किती धावली ही पोर, तिला वाटलं. आठ दिवस झोपली नाही. रविवारी नेसायला माझी साडीसुद्धा इस्त्री करून ठेवली. आणि तरी ती उठली नाही, हाक मारली नाही. वर्ष म्हणजे किती, हे चौसष्टाव्या वर्षी नीट कळतं. पुढच्या वर्षी समिती असेल का, हा मुलगा सचिव असेल का, आपण असू का? यातलं काहीच मोजता येत नव्हतं.

तिनं निवेदिताच्या वहीतून एक कोरं पान फाडलं आणि सोमलिंगपुढं ठेवलं.

“लिही.”

त्यानं पेन उचललं. “मंद्रूपात कळंल, ईरू.”

“कळंल.”

“मठात मला...”

“लिही अण्णा. आधी त्र्याऐंशीचं. ईरम्मा नागप्पा हत्तुरे हिला टायफॉइड झाला नव्हता.”

“हे आमच्या फॉर्मला लागत नाही, मॅडम,” अजिंक्य अगदी हळू म्हणाला.

“मला लागतं.”

सोमलिंग लिहू लागला. अक्षर तेच होतं, फक्त आता रेघ सोडून खाली उतरत होतं. एकेका शब्दाला तो थांबत होता. बाहेर पाणी गेलं आणि मोटार कोरडी गुरगुरू लागली, तरी कमलाकर उठले नाहीत. खिडकीशी उभ्या असलेल्या निवेदितानं वळून घड्याळाकडं बघितलं, मग मामाच्या हाताकडं.

“पुढं?” सोमलिंगनं विचारलं.

“पुढं लिही, शिबिराला जायचं का, हे तिला कुणी विचारलं नव्हतं.”

तो लिहीत गेला आणि ‘कुणी’पाशी थांबला.

“कुणी न्हाय,” तो म्हणाला. “मी. मी इचारलं न्हवतं.”

“मग तसं लिही.”